हॉप्सच्या कडवट बेल्जियन एल: कशा चाखायच्या, कोणत्या क्रमाने?

सह्यवेल:

नमस्कार मंडळी. मी गेल्या सप्टेंबरपासून बेल्जियममधल्या ल्यूव्हनला आहे, पीएच.डी. करतेय. पुण्यात असताना टॅपरूममध्ये बसून आयपीए, म्हणजे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) भरपूर घातलेली एल जातीची बिअर, प्यायची चांगलीच गोडी लागली होती. त्यामुळे इथल्या दुकानात पहिल्यांदा गेले ती कडवट, हॉप्सचा घमघमाट असलेलं काहीतरी शोधायलाच. काळ्या, गोडसर मठातल्या बिअरींबद्दल मराठीत थोडंफार वाचायला मिळतं. पण बेल्जियन यीस्ट (बिअर आंबवणारं किण्व) आणि सोबत सढळ हाताने हॉप्स, या जातीबद्दल कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

घरात सध्या ओरव्हाल, दे रांके एक्सएक्स बिटर, तारास बुल्बा आणि उब्लाँ शूफ अशा बाटल्या आहेत. येत्या शनिवारी आम्ही चौघं जमणार आहोत. नुसत्या रिचवायच्या नाहीत, नीट चाखायच्या आहेत. कुठली आधी, कुठली नंतर? ग्लास कसले? फ्रिजमधून काढून लगेच उघडायच्या का?

ओरव्हालचं मला कोडंच पडलंय. ब्रसेल्सच्या एका कॅफेत प्यायले, तेव्हा तिला चामड्याचा आणि गवताच्या गंजीचा वास होता, कडवटपणा बेताचा. नंतर दुकानातून आणली ती एकदम वेगळी, ताज्या हॉप्सची आणि चांगलीच कडू. बाटली तीच, लेबल तेच. कॅफेतली खराब झालेली होती का?

उब्लाँ शूफचंही तसंच. लेबलवर आयपीए लिहिलंय, पण पुण्यातल्या आयपीएत आंबा, पॅशनफ्रूट असं जे नाकात भरतं ते हिच्यात नाही. माझं नाक चुकतंय की बिअरच वेगळी आहे?

आणि खायला काय ठेवू? आईने पाठवलेलं भडंग आणि चकल्या आहेत.

&nbsp;

कालव्याकाठी:

सह्यवेल, प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी गेंटला राहतो आणि नोकरीची फिरती पश्चिम फ्लँडर्समध्ये असते, म्हणजे पोपरिंगेच्या आजूबाजूला. बेल्जियममधल्या हॉप्सचा मोठा भाग याच पट्ट्यात पिकतो. एप्रिल-मे महिन्यांत तिथून गेलात तर सहा-सात मीटर उंच खांब, त्यांच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवरून जमिनीपर्यंत सोडलेल्या दोऱ्या दिसतील. जुलैपर्यंत वेल वरच्या तारेला टेकलेले असतात आणि ऑगस्टअखेर तोडणी सुरू होते.

तोडणीच्या दिवसांत एका शेतकऱ्याने हॉप्सचं एक फूल माझ्या तळहातावर ठेवलं आणि चोळायला सांगितलं. पाकळ्या कागदासारख्या पातळ, कोरड्या. त्या उलगडल्या की देठाशी पिवळी धूळ असते, ल्युप्युलिन. बोटांना चिकटते, लवकर सुटत नाही. पहिला वास कापलेल्या गवताचा, मग मिरी, मग लिंबाची साल. जिभेला लावली तर कडू झालेलं तोंड बराच वेळ जागेवर येत नाही. बिअरमधलं हॉप्सचं सगळं काम ही पिवळी धूळ करते. मात्र ती दोन वेगळी कामं करते आणि तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत.

धुळीतल्या आम्लांना उकळी मिळाली की त्यांचं रूप बदलतं आणि ती पाण्यात विरघळून बिअरला कडवटपणा देतात. त्याच धुळीतल्या तेलांमुळे वास येतो, पण तेलं उकळीत उडून जातात. म्हणून कडवटपणासाठी हॉप्स सुरुवातीला घालतात आणि वासासाठी शेवटी, किंवा बिअर गार झाल्यावर टाकीत. स्वयंपाकात फोडणीतला कढीपत्ता वेगळा आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर वेगळी, तसंच. पुण्यात तुम्ही जी आयपीए प्यायलात तिच्यात बहुतेक अमेरिकन हॉप्स भरपूर आणि शेवटी घातलेले असणार. बेल्जियन ब्रुअरांचा पारंपरिक हात चेकमधल्या झाटेट्सचे साझ, स्लोव्हेनियातले स्टायरियन गोल्डिंग, जर्मनीतले हालरटाउ अशा हॉप्सवर बसलेला आहे. या हॉप्सचा वास गवत, फुलं, मसाला अशा अंगाने जातो, आंब्याच्या वाटेला जात नाही.

दुसरी गोष्ट यीस्टची. अमेरिकन आयपीएत यीस्ट शक्य तितकं गप्प असतं. बेल्जियन एलमध्ये ते बोलतं: केळं, नासपती, लवंग, मिरी. उब्लाँ शूफमध्ये टोमाहॉक, साझ आणि अमारिलो असे तीन हॉप्स आहेत, अल्कोहोल 9 टक्के. आशूफच्या ब्रुअरीने 2006 साली ती आणली, अमेरिकन आयपीएच्या चवीकडे बघूनच, पण खालचा साचा ठेवला ट्रिपेलचा, म्हणजे फिकट रंगाच्या कडक बेल्जियन एलचा. त्यामुळे अमारिलोचं संत्रं येतं आणि लगेच यीस्टचं फळ त्यात मिसळून जातं. नाक बरोबर आहे तुमचं. हॉप्स आणि यीस्ट एकमेकांना धरून राहतात का, की दोघं आपापलं ओढतात, हे या बिअरमध्ये चाखायचं. माझ्या मते उब्लाँ शूफ ताजी असताना धरून राहते, जुनी झाली की गोडवा पुढे येतो आणि हॉप्स मागे पडतात.

आता ओरव्हाल. कॅफेतली बाटली खराब नव्हती, वयाने मोठी होती. ओरव्हाल मुख्य आंबवणीनंतर टाकीत मुरत असताना तिच्यात कोरडे हॉप्स घालतात. ही ड्राय हॉपिंगची रीत इंग्लंडकडची. शिवाय तिच्यात ब्रेटानोमायसेस (थोडक्यात ब्रेट) नावाचं रानटी यीस्ट असतं. ते सावकाश काम करतं आणि बाटलीत गेल्यावरही थांबत नाही. नेहमीच्या यीस्टने टाकून दिलेली साखरही ते महिनोन्‌महिने खात बसतं. कोवळ्या बाटलीत हॉप्स पुढे असतात. सहाएक महिन्यांनी हॉप्सचा वास ओसरतो, कडवटपणा मऊ होतो आणि ब्रेटचं चामडं, सुकं गवत वर येऊ लागतं. वर्षानंतर ती अगदी कोरडी, खडखडीत होते. लेबलवर 6.2 टक्के लिहिलेलं असतं, मुरलेल्या बाटलीत ते थोडं वाढलेलंही असतं. लेबलवर बाटली भरल्याची तारीख छापतात ती बघा. ती न वाचता ओरव्हालबद्दल मत देण्यात अर्थ नाही. ओरव्हालवर मनापासून प्रेम करणाऱ्या कॅफेंत वेटर आधी विचारतो, कोवळी आणू की जुनी?

यावरून मुख्य मुद्द्यावर येतो. हॉप्सची बिअर चाखताना सगळ्यांत आधी तारीख. तेलं आणि ऑक्सिजन यांचं जमत नाही. काही महिन्यांत वास विरतो, मग उरतो नुसता कडवटपणा, त्यानंतर ओल्या पुठ्ठ्याचा वास यायला लागतो. ओरव्हालला ब्रेट सांभाळून घेतं. बाकीच्या तीन बिअरींना तसं कुणी नाही. एक्सएक्स बिटर आणि तारास बुल्बा ताज्याच प्या. भरल्याची तारीख छापलेली नसेल तर एकाच बिअरच्या बाटल्यांमध्ये सर्वांत लांबची मुदत असलेली उचला. दुकानाच्या खिडकीतली बाटली घेऊच नका. उन्हामुळे हॉप्सच्या कडू द्रव्यातून गंधकाचा उग्र वास तयार होतो. तपकिरी काच बरंच अडवते, पण सगळं नाही.

दे रांके एक्सएक्स बिटरबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ती माझी लाडकी. 1990 च्या दशकात बेल्जियन बिअर एकंदरीत गोडाकडे झुकत चाललेली असताना नीनो बासेल आणि गिदो देव्होस या दोघांनी ती आणली. चूर्ण किंवा गोळ्या न वापरता ते हॉप्सची अख्खी फुलंच घालतात: ब्रुअर्स गोल्ड आणि हालरटाउ. अंग हलकं, जेमतेम 6 टक्के, गोडवा जवळजवळ नाहीच. पहिल्या घोटाला वाटतं, अरे, एवढी काही कडू नाही. घोट गिळल्यावर दोन-तीन सेकंदांनी कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूने चढायला लागतो आणि बराच वेळ उतरत नाही. त्याच वेळी नाकात हिरवा, किंचित मातकट, फुलांचा वास फिरत असतो. या बिअरमध्ये लपायला जागा नाही. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आडवं येत नाही, अल्कोहोल आडवं येत नाही. हॉप्स चांगले नसते तर पहिल्याच घोटाला कळलं असतं.

तारास बुल्बा ब्रसेल्सच्या ब्रासरी द ला सेनची, 4.5 टक्क्यांची. इव्हान द बाट्स आणि बेर्नार लेबूक यांची ही ब्रुअरी. एवढ्या कमी अल्कोहोलमध्ये एवढी चव बसवणं, हे मला 9 टक्क्यांच्या बिअरपेक्षा कितीतरी अवघड काम वाटतं. लिंबासारखी स्वच्छ, मिरीचा चटका, आणि शेवट कोरडा. संपली की दुसरी उघडावीशी वाटते.

क्रमाचं सांगतो. अल्कोहोल चढत्या क्रमाने ही नेहमीची रीत इथे अर्धीच लागू पडते, कारण कडवटपणा जिभेवर साठत जातो. मी असा लावेन: आधी तारास बुल्बा, मग कोवळी ओरव्हाल, मग एक्सएक्स बिटर. इथे दहा मिनिटं थांबा, पाणी प्या, पाव खा. त्यानंतर उब्लाँ शूफ. तिचं भरलेलं अंग आणि किंचित गोडवा एक्सएक्स बिटरनंतरच नीट कळतो, आधी प्यायलात तर पुढची प्रत्येक बिअर पातळ लागेल. जमलं तर एक जुनी ओरव्हाल शोधा आणि ती शेवटी उघडा. छोट्या दुकानांत मागच्या रांगेत गेल्या वर्षीच्या तारखेची बाटली सापडते.

चौघं आहात, म्हणजे 33 सेंटिलिटरच्या बाटलीतून प्रत्येकाला 80 मिलिलिटर. चाखायला तेवढं पुरे. ओरव्हालचा रुंद, जड चषक दिसायला देखणा आहे, पण त्याच्या उघड्या तोंडातून वास उडून जातो. चाखण्यासाठी वाइनचे साधे, तोंडाशी निमुळते ग्लास घ्या, सगळ्या बिअरींना तेच. साबणाचा अंश राहिला तर फेस मरतो, म्हणून ओतण्याआधी ग्लास गार पाण्याने विसळा. इथले कॅफेवाले हे न चुकता करतात. तारास बुल्बा 6-8 अंशांवर चालेल, बाकीच्या बाटल्या अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा. ओरव्हाल तर 12-14 अंशांना खुलते. बाटली उभी ठेवलेली असावी, एका दमात सावकाश ओता आणि बुडाशी बोटभर राहू द्या. तो यीस्टचा गाळ. शेवटी वेगळा चाखून बघा.

ओतल्याबरोबर पहिला वास घ्या, कारण सगळ्यात हलकी तेलं तेव्हाच निघून जातात. मग ग्लासवर तळहात ठेवून हलवा आणि पुन्हा हुंगा. घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा, अर्धी चव तिथेच आहे. आणि एक विनंती: चौघांनी आपापलं कागदावर लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकाने "लवंग" म्हटलं की उरलेल्या तिघांना लवंगच येते.

भडंग आणि चकल्या चाखून झाल्यावर. तिखटामुळे हॉप्सचा कडवटपणा बोचरा होतो आणि अल्कोहोलमुळे तिखट अजून चढतं, दोन्हीकडून नुकसान. मधल्या वेळेत साधा पाव आणि चीज ठेवा. ओरव्हालच्या मठात चीजही करतात, ते मिळालं तर फारच छान. मीठ आणि स्निग्धता कडवटपणाची धार उतरवतात, म्हणून प्रत्येक बिअर आधी नुसती चाखा, मग चीजबरोबर, आणि फरक टिपून ठेवा.

कुणी गाडीने येणार असेल तर एकजण बॉब ठरवा, म्हणजे न पिता गाडी चालवणारा. इथे रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम ही मर्यादा आहे आणि तपासणी खरोखर होते.

&nbsp;

मुळामुठा:

कालव्याकाठी, प्रतिसाद जपून ठेवलाय. मी पुण्यात ब्रुअर म्हणून काम करतो, त्या बाजूने थोडी भर घालतो.

बेल्जियन यीस्टमधली लवंग येते ती 4-व्हिनाइल ग्वायकॉल या द्रव्यामुळे. माल्टमध्ये फेरुलिक आम्ल असतं, काही यीस्ट त्याचं रूपांतर करतात, काही करत नाहीत. नेहमीचं अमेरिकन एल यीस्ट करत नाही. केळं येतं आयसोअमाइल अॅसिटेटमुळे, आणि आंबवण्याचं तापमान वाढवलं की ते सहसा वाढतं. म्हणजे ब्रुअरच्या हातात दोन कळा असतात, यीस्ट कोणतं आणि किती अंशांवर. हॉप्सवाली बेल्जियन करायची तर या दोन्ही आवराव्या लागतात. लवंग जास्त झाली आणि हॉप्सही कडू असले की घशाशी औषधी, तुरट चव येते. मी केलेल्या बिअरच्या घाण्यांमध्ये सगळ्यात जास्त डोकं इथेच लावावं लागलं. हॉप्सची निवडही त्यावरूनच ठरते: साझ, स्टायरियन यांचा मसालेदारपणा लवंगेशी जुळतो, पाइनसारखा वास असलेले हॉप्स तिच्याशी भांडतात. संत्र्याच्या अंगाचे अमारिलोसारखे हॉप्स मधे कुठेतरी बसतात. दुव्हेल या बेल्जियन बिअरवाल्यांनी 2007 च्या ट्रिपेल हॉप नावाच्या बिअरमध्ये साझ आणि स्टायरियन गोल्डिंगच्या जोडीला तिसरा हॉप म्हणून अमारिलोच घेतला होता. 2012 मध्ये सिट्रा हा हॉप घेतला. यात योगायोग नाही.

दुसरा मुद्दा साखरेचा. बेल्जियन ब्रुअर कढईत साधी साखर घालतात हे ऐकून लोक नाकं मुरडतात. पण साखर यीस्ट पूर्णपणे खाऊन टाकतं, मागे गोडवा राहत नाही, त्यामुळे 8-9 टक्क्यांची बिअरही अंगाने हलकी आणि कोरडी राहते. ती तशी कोरडी नसती तर हॉप्स माल्टच्या चिकट गोडव्यात बुडाले असते. वर बाटलीत दुसऱ्यांदा आंबवल्यामुळे वायू भरपूर, आणि वायूमुळे कडवटपणाला धार येते. उब्लाँ शूफचा फेस ओसरू द्या आणि पुन्हा चाखा, तीच बिअर गोड लागेल.

सह्यवेल, पुण्यात 2009 मध्ये डूलालीने मायक्रोब्रुअरी सुरू केल्यापासून इथे बेल्जियन म्हटलं की गिऱ्हाईक बहुतेक वेळा विट बिअर मागतं. धणे आणि संत्र्याची साल घातलेली, गव्हाची. तिच्यात हॉप्स नावापुरते असतात. ती चव डोक्यात धरून या चार बाटल्यांकडे जाऊ नका, दोन्हींवर अन्याय होईल.

&nbsp;

अंजनी:

मी बिअर पीत नाही, पण हॉप्स खाल्लेत. आत्ता मार्च चालू आहे म्हणून सांगते. पोपरिंगेकडे वेलाचे जमिनीतून नुकते फुटलेले पांढरे कोंब भाजी म्हणून विकतात. हाताने, एकेक करून खुडावे लागतात आणि हंगाम काही आठवड्यांचाच, त्यामुळे भाव ऐकून मी दुकानात दोनदा विचारून खात्री करून घेतली. इकडे लोण्यात किंवा साईच्या सॉसमध्ये परततात, वर अर्धकच्चं शिजवलेलं अंडं ठेवतात. मी नुसत्या तुपावर, मीठ-मिरी घालून केले. किंचित कुरकुरीत, दाण्याची चव. कडू अजिबात नाहीत, कारण ती पिवळी धूळ फुलात असते, कोंबात नसते. सह्यवेल, शनिवारी मुठभर मिळाले तर तारास बुल्बाबरोबर ठेवून बघा आणि कसं जुळतं ते मला कळवा.

पोपरिंगेत जुन्या वजनघरात हॉप्सचं म्युझियम आहे, तिथे मुलांना घेऊन गेले होते. हॉप्स तोडायला कुटुंबंच्या कुटुंबं येऊन राहायची, त्यांचे फोटो, टोपल्या, हातांची अवस्था, सगळं बघण्यासारखं आहे. दर तीन वर्षांनी सप्टेंबरमध्ये गावात हॉप्सचा उत्सवही असतो, मिरवणूक निघते.

&nbsp;

कालव्याकाठी:

अंजनी, मस्त आठवण केलीत. त्या उत्सवाच्या निमित्तानेच 1981 मध्ये पोपरिंग्स होम्मेलबीर आली, 7.5 टक्के, पोपरिंगेच्याच वाटू गावातली. सह्यवेल, पाचवी बाटली घेणार असाल तर ही घ्या. एक्सएक्स बिटरइतकी करारी नाही. थोडं मध, थोडी मिरी, आणि शेवटाला हॉप्स. आजच्या फॅशनच्या कितीतरी आधीपासून इथे हॉप्स पुढे ठेवणारी बिअर होती हे तिच्यावरून कळतं.

मुळामुठा, फेस ओसरल्यावर पुन्हा चाखायची युक्ती उत्तम. लवंग आणि कडवटपणाच्या भांडणाबद्दल एक विचारायचं होतं. तारास बुल्बात मिरी लागते, ती हॉप्सची की यीस्टची, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. तुमचं नाक काय म्हणतं?

&nbsp;

मुळामुठा:

तारास बुल्बा एका मित्राने आणली होती तेव्हा चाखली, प्रवासाने थोडी दमलेली असणार. मला मिरी यीस्टची वाटली. ओळखायची एक पद्धत सांगतो: बिअर कोमट होऊ द्या. हॉप्सची हलकी तेलं तोवर उडालेली असतात, यीस्टचा मसाला टिकून राहतो. कोमट झाल्यावरही मिरी असेल तर यीस्टची.

&nbsp;

वाशीकर:

छान धागा. मी मे महिन्यात ब्रसेल्सहून नवी मुंबईला परत येतोय. यातल्या किती आणता येतील?

&nbsp;

कालव्याकाठी:

वाशीकर, ड्युटी न भरता माणशी 2 लिटर मद्य आणता येतं, त्यात बिअरही धरतात. 33 सेंटिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे 1.98 लिटर, बरोबर बसतात. चेक-इन बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून, प्रत्येक बाटली वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. सहापैकी चार ओरव्हाल घ्या असं सुचवेन, कारण प्रवास आणि मे महिन्याची गरमी यात तीच त्यातल्या त्यात तग धरते. तारास बुल्बा इथेच प्या. घरी पोचल्यावर दोन दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, गाळ खाली बसू द्या.

&nbsp;

सह्यवेल:

शनिवार झाला, सगळ्यांचे मनापासून आभार. होम्मेलबीरही मिळाली, त्यामुळे पाच प्रकार झाले, आणि दुकानदाराने मागच्या खोलीतून एक वर्ष उलटून गेलेली ओरव्हाल काढून दिली. तारीख दाखवल्यावर तो इतका खूश झाला की अजून कुठल्या जुन्या आहेत हे बघायला स्वतःच शिडीवर चढला.

लिहून होईपर्यंत न बोलण्याचा नियम कडक पाळला. उब्लाँ शूफला दोघांनी संत्रं लिहिलं, एकीने केळं, आणि मी लिहिलं होतं जर्दाळू. पहिल्यांदाच मला त्यात यीस्ट आणि हॉप्स वेगवेगळे दिसले. फेस गेल्यावर ती खरंच गोड लागली, चौघांनाही. तारास बुल्बा मुद्दाम अर्धा तास तशीच ठेवली होती. मिरी होती तिथेच होती. मुळामुठा, तुमच्या बाजूने एक मत.

एक्सएक्स बिटरवर दोन तट पडले. आमच्यातल्या सोलापूरच्या मित्राने एक घोट घेऊन ग्लास सरकवला. म्हणाला, मला यात कडूपणाशिवाय काही मिळत नाही. मला मात्र तीच सगळ्यात आवडली, विशेषतः चीज खाल्ल्यावरचा दुसरा घोट. कडवटपणाची धार उतरली आणि खालून फुलांचा वास मोकळा झाला. मित्राला चीजबरोबर पुन्हा दिली, तेव्हा त्याने निदान ग्लास संपवला.

दोन ओरव्हाल शेजारी शेजारी ठेवून प्यायलो, कोवळीही थोडी राखून ठेवली होती. रंगातही फरक होता, की मला भास झाला? जुनी जरा उजळ वाटली. तिचा फेस ग्लासच्या कडेला जाळीसारखा चिकटून राहिला, शेवटच्या थेंबापर्यंत. चव इतकी कोरडी की जीभ टाळूला चिकटली. सोलापूरकर मित्राला ही आवडली, कोवळी नाही.

अंजनी, कोंब मिळाले नाहीत, पुढच्या आठवड्यात बाजारात पुन्हा बघते.

आता अजून चार ओरव्हाल घेऊन ठेवायचा विचार आहे, म्हणजे दर काही महिन्यांनी एक उघडता येईल. खोलीत रेडिएटर आहे आणि तळघर नाही. कुठे ठेवू? आडव्या की उभ्या?

&nbsp;

कालव्याकाठी:

उभ्या. वाइनसारखं बूच भिजवायचं नसतं, आणि आडव्या ठेवल्या तर गाळ कडेला चिकटतो, ओतताना ढवळून येतो. अंधार हवा आणि तापमान सारखं हवं, 12-15 अंश उत्तम, पण 18 वर स्थिर असेल तरी चालेल. रेडिएटरपासून लांब, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात, तळाच्या कप्प्यात पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, ब्रेट झोपून जातं आणि बाटली होती त्या वयातच अडकते. चारही एकाच तारखेच्या घ्या, नाहीतर तुलना करता येणार नाही. पहिली आत्ताच उघडा आणि तिचं टिपण खोक्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

रंगाचं म्हणाल तर मला जुनीत उजळपणापेक्षा स्वच्छपणा जास्त जाणवतो, गाळ घट्ट बसल्यामुळे असेल. पुढच्या वेळी दोन्ही खिडकीपाशी धरून बघा.

आणि उन्हाळ्यात ओरव्हालच्या मठाकडे जाणं झालं तर शेजारच्या आ लांज गार्दियां या खानावळीत हिरवी ओरव्हाल मागा. नेहमीच्या ओरव्हालपेक्षा कमी अल्कोहोलची असते आणि नळातून देतात. त्या सोलापूरकर मित्रालाही न्या, चीज तिथेच मिळेल.